बाळाच्या कानापुढचं बोंड

शेळी तर तुम्ही सगळ्यांनीच पाहिली आहे. पण तिच्या गळ्याखाली कधी निरखून पाहिलं आहे का? काही शेळ्यांच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी एकेक लांबुळका मांसल गोळा लोंबत असतो. चालताना तो घड्याळाच्या लंबकासारखा हलतो. त्यातून दूध येत नाही, की त्याचा शेळीला दुसरा काही उपयोग होत नाही. आपल्या जुन्या पंडितांचं लक्ष मात्र त्याच्याकडे गेलं होतं. त्यांनी त्याला नाव दिलं 'अजागलस्तन', म्हणजे शेळीच्या गळ्याचे स्तन. एखादी अगदी निरुपयोगी गोष्ट सांगायची झाली की ते हीच उपमा द्यायचे.

हा गोळा शेळीचा रोग नाही. आईबापांकडून करडाला जसा रंग मिळतो, तसाच तोही मिळतो. शेळीपालन करणाऱ्या घरात त्याची कुणाला काळजी वाटत नाही. पण माणसाच्या बाळाच्या कानापुढे जन्मतःच असं एखादं इवलंसं मांसाचं बोंड दिसलं, तर? मग मात्र घरात गोंधळ उडतो.

भंडाऱ्याहून पवनीला जाणाऱ्या रस्त्यावर अड्याळ नावाचं मोठं गाव आहे. समजा, या अड्याळमधल्या एका घरी बाळ आणि बाळंतीण दवाखान्यातून परत आली आहेत. बाळ गोरंगोमटं, भुकेला रडणारं, हातपाय झाडणारं. फक्त उजव्या कानाच्या भोकापुढे, गालाच्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढं एक बोंड आहे. आजी ते बघते आणि म्हणते, "काही नाही वं, चामखीळ होय ते. घोड्याच्या शेपटीचा एक केस आना, करकचून बांधा, आठ दिवसात गळून पडते." शेजारच्या काकू हळूच पुटपुटतात, "ग्रहणात भाजी चिरली असन हिनं." बाळाची आई मान खाली घालते. आणि बाळाचा सातवीतला दादा विचारतो, "आजी, केस बांधला तर त्याले दुखन का?"

हे घर आपण कल्पनेतलं घेतलं आहे. पण यातली वाक्यं तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेली असतील. दादाचा प्रश्न फार चांगला आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर आपल्याला आधी बाळाच्या जन्माच्या कितीतरी महिने मागे जावं लागेल.

सहा गोळ्यांचा कान

पोळ्याला तुम्ही मातीचे बैल केले असतील. बैलाचं डोकं झालं की मातीच्या छोट्या छोट्या गोळ्या घेऊन कान, शिंगं, वशिंड चिकटवायचं आणि बोटाने सांधे सारवून टाकायचे. कधी एखादी गोळी जास्त होते आणि कानाजवळ तशीच चिकटून राहते. आईच्या पोटातही काहीसं असंच घडतं.

गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असतो, म्हणजे जेमतेम वाटाण्याएवढा, तेव्हा त्याच्या मानेच्या बाजूला सहा बारीक उंचवटे उगवतात. तीन पुढे, तीन मागे. विल्हेल्म हिस नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये त्यांचं वर्णन केलं. म्हणून आजही डॉक्टर त्यांना 'हिसचे उंचवटे' म्हणतात. हळूहळू हे सहा उंचवटे वाढतात, एकमेकांत मिसळतात आणि त्यांतूनच तुमच्या कानाची ती वळणावळणाची पाळ तयार होते. गंमत म्हणजे कानाची सुरुवात जबड्याच्याही खाली, मानेपाशी होते. जबडा वाढत जातो तसा कान वर सरकत सरकत डोळ्याच्या रेषेत येऊन बसतो.

आता आपल्या कानाच्या भोकापुढे बोट लावा. तिथे एक छोटी टिकली हाताला लागेल. तीच, जी दाबली की बाहेरचा आवाज बंद होतो! ही टिकली पुढच्या उंचवट्यापासून होते. उंचवटे मिसळताना तिथे जरा जास्तीची चिमूटभर माती राहिली, की झालं बोंड. म्हणूनच ते बहुधा या टिकलीच्या पुढे किंवा टिकलीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतच्या रेषेवर कुठेतरी असतं. नुसती कातडीच असेल असंही नाही. कित्येकदा आत कूर्चा असते, म्हणजे कानात असतं तसलं लवचीक मऊ हाड.

काही बाळांना बोंडाऐवजी त्याच जागी टाचणीने टोचल्यासारखं बारीक भोक असतं. ते घराण्यातही चालतं. आजोबांना, आत्याला, मग तुम्हाला. बोंड आणि भोक दोन्ही मिळून हजार बाळांमागे साधारण पाच ते दहा बाळांना असतात. म्हणजे हजार मुलांची शाळा असेल तर तिथे पाच-दहा जण सहज सापडावेत. यात्रेच्या गर्दीत तर कितीतरी! आपण कानाकडे बघत नाही, एवढंच.

मग ग्रहणाचं काय? थोडा हिशोब करू या. आपल्या गावातून दिसणारी ग्रहणं वर्षाला असून असून किती? एखादं, फार तर दोन-तीन. एखाद्या वर्षी तर एकही नाही. पण कानापुढे बोंड असलेली बाळं वर्षाच्या बाराही महिने जन्मतात, आणि जिथे ग्रहण पाळतच नाहीत अशा देशांतही जन्मतात. आणखी एक. हे उंचवटे जुळत असतात तेव्हा अनेक बायकांना आपल्याला दिवस गेलेत हेही पक्कं कळलेलं नसतं. तेव्हा विळी, सुई आणि भाजी यांच्यावरचा आळ काढून टाका. आणि बाळाच्या आईवरचाही. बाळंतपणाने थकलेल्या बाईला "तूच काहीतरी केलं असशील" असं म्हणणं, हे मला त्या बोंडापेक्षा कितीतरी मोठं दुखणं वाटतं.

केस बांधला तर?

आता दादाच्या प्रश्नाकडे. हो, दुखतं. केस किंवा दोरा आवळला की त्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो. तो सुजतो, निळा-काळा पडतो आणि सडून गळतो. बाळाला सांगता येत नाही, ते फक्त रडतं, आणि आपण म्हणतो भूक लागली असेल. दोरा किंवा केस स्वच्छ नसेल तर तिथे पू होतो. वर कुणी राख किंवा शेण लावलं तर आणखी मोठा धोका, धनुर्वाताचा. एके काळी आपल्या देशात हजारो तान्ही बाळं धनुर्वाताने दगावत. गरोदर बायकांना लस देऊन आणि नाळ स्वच्छ पात्याने कापायची सवय लावून तो इतका आटोक्यात आणला गेला, की २०१५ मध्ये तान्ह्या बाळांचा धनुर्वात भारतातून हटवला गेल्याचं जाहीर झालं. पण त्याचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात आजही आहेतच. आणि घोड्याच्या शेपटीचा केस कुठून कुठून फिरून आलेला असतो, ते काय सांगायला हवं?

शिवाय आत कूर्चा असेल तर केसाने ती तुटत नाही. वरचा भाग गळतो, खाली खुंट राहतो, आणि आधी होतं त्याहून ते वाईट दिसायला लागतं.

तुम्ही म्हणाल, "पण आमच्या ओळखीच्या एका बाळाला डॉक्टरांनीच दोरा बांधला होता!" खरं आहे. बोंड अगदी बारीक देठाचं असेल, आत कूर्चा नसेल, तर काही डॉक्टर निर्जंतुक केलेल्या धाग्याने ते बांधतात. फरक धाग्यात आहे तसा बघणाऱ्यातही आहे. आत काय आहे हे आधी हाताने चाचपून, तपासून मगच ते ठरवतात. कूर्चा असेल तर छोटीशी शस्त्रक्रिया करून ती मुळापासून काढावी लागते. कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा प्लास्टिक सर्जन हे काम करतात. त्याची घाई मात्र नसते. बोंड तसंच राहिलं तरी बाळाच्या जिवाला काही होत नाही. मोठं होऊन त्या मुलाने किंवा मुलीने स्वतःच ठरवलं तरी चालतं.

बोंड नव्हे, कान महत्त्वाचा

एवढं सगळं वाचल्यावर वाटेल, की बरं झालं, म्हणजे काळजीचं काही नाही, सोडून द्या. थांबा! इथेच खरी गोष्ट सुरू होते.

कानाची पाळ, मधल्या कानातली इवलीशी हाडं आणि जबडा हे शेजारी-शेजारी, जवळपास एकाच मातीतून घडत असतात. ऐकण्याचं खरं यंत्र असलेला आतला कान मात्र निराळा तयार होतो. म्हणूनच बोंड असलेल्या बहुतेक बाळांना छान ऐकू येतं. पण शेजारचा सांधा जरा चुकला तर जवळ आणखी काही चुकलंय का, हे बघून घेणं शहाणपणाचं नाही का?

इस्रायलमधल्या डॉक्टरांनी ६८ हजारांहून जास्त नवजात बाळांची तपासणी करून २००८ मध्ये तिचे निष्कर्ष छापले. कानापुढे बोंड किंवा भोक नसलेल्या बाळांत कायमचा ऐकू येण्याचा दोष हजारी दीड होता. ज्यांना ते होतं त्यांच्यात हजारी आठ. आकडा नीट वाचा हं. हजारातल्या ९९२ बाळांना व्यवस्थित ऐकू येत होतं. घाबरण्यासारखं यात काही नाही. पण त्या आठांपैकी एक बाळ आपल्या घरातलं असलं तर?

"आम्ही बघितलं ना, ताट वाजवलं तर बाळ दचकतं!" घरोघरी हीच परीक्षा असते. ती फसवी आहे. बोंड बहुधा एकाच बाजूला असतं, आणि दोष असला तर तोही एका कानात असू शकतो. ताटाचा आवाज चांगल्या कानात शिरतो, बाळ दचकतं, घरचे निश्चिंत होतात. मग ते मूल शाळेत जातं. मास्तर डावीकडून बोलले तर कळतं, उजवीकडून बोलले तर नाही. मागून हाक मारली की नेमकी कुठून आली ते समजत नाही. आणि शेरा काय पडतो? 'वर्गात लक्ष नसते.' फोन नेहमी एकाच कानाला लावणारा, बोलणाऱ्याकडे कायम एकच बाजू करणारा एखादा मित्र तुमच्याही वर्गात असेल. दोन्ही कानांनी ऐकू येत नसेल तर गोष्ट अजून गंभीर. बोलणं आपण ऐकूनच शिकतो. 'आई' हा शब्द हजारदा कानावर पडतो तेव्हा कुठे एकदा तोंडातून निघतो. हे शिकण्याचा सगळ्यात चांगला काळ म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं.

मग दिवसा-दोन दिवसांच्या बाळाला "ऐकू येतं का रे?" असं विचारायचं कसं? त्याला एक फार सुंदर युक्ती आहे. लंडनमधल्या डेव्हिड केम्प नावाच्या शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये दाखवून दिलं, की आपला कान आवाज नुसता ऐकत नाही, तो स्वतःही अतिशय बारीक आवाज करतो! आतल्या कानात केसांसारख्या टोकांच्या पेशी असतात. बाहेरून 'टिक्' असा आवाज आला की त्या थरारतात आणि त्यांचा प्रतिध्वनीसारखा बारीक आवाज परत बाहेर येतो. बाळ झोपलेलं असताना रबराचं मऊ टोक त्याच्या कानात ठेवायचं. त्यातून टिकटिक आवाज सोडायचे. त्याच टोकातला मायक्रोफोन कानाचं उत्तर टिपतो. उत्तर आलं, कान पास! काही मिनिटांचं काम. सुई नाही, औषध नाही. या तपासणीला 'ओएई' म्हणतात. उत्तर आलं नाही तरी लगेच रडारड करायची नसते. कानात मळ किंवा पाणी असलं तरी उत्तर अडतं. तपासणी पुन्हा करतात. मग गरज पडली तर डोक्याला छोटे तारेचे ठिपके लावून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. ती 'बेरा' तपासणी.

डॉक्टरांचा याबाबतीतला हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे: एक, तीन, सहा. पहिल्या महिन्यात पहिली तपासणी, दोष वाटला तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. श्रवणयंत्र अगदी तान्ह्या बाळालाही लावता येतं. ज्यांना त्याचाही उपयोग होत नाही, त्यांच्यासाठी कानाच्या आत बसवायचं यंत्र आहे, कॉक्लिअर इम्प्लांट. ते महाग असतं, पण लहान मुलांना त्यासाठी सरकारी मदत मिळते.

डॉक्टर जाता जाता आणखी काही गोष्टीही बघून घेतात. चेहऱ्याची एक बाजू दुसरीपेक्षा लहान आहे का, टाळू नीट आहे का, छातीत धडधड ठीक आहे का. यांतलं काही आढळलं तर पोटाची सोनोग्राफी करून मूत्रपिंडंही बघतात. नुसतंच एक बोंड असेल आणि बाकी सारं ठीक असेल, तर बहुधा एवढ्या खटाटोपाची गरज पडत नाही.

मग अड्याळच्या त्या घराने काय करावं? पहिली हाक आशाताईंना. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर त्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. यांतल्या पहिल्याच भेटीत बोंड दाखवायचं. मग गावातल्या ग्रामीण रुग्णालयात. कानाची तपासणी कुठे होईल, भंडाऱ्याला जिल्हा रुग्णालयात की नागपूरला, ते तिथले डॉक्टर सांगतील आणि तशी चिठ्ठी देतील. दादाचं काम काय? आजीशी भांडू नये. घोड्याच्या केसाने तिच्या काळात काही जणांची चामखीळ गेलेली तिने पाहिली असणार, तिचा अनुभव खोटा नाही. पण तिला एवढं सांगावं, "आजी, हे चामखीळ नोहे. आत हाड हाय का ते डॉक्टरले बघू दे."

सगळ्यांना एकच नाव

खरी अडचण आपल्या 'चामखीळ' या शब्दातच आहे. कातडीवर काहीही उगवलं की आपण त्याला चामखीळ नाहीतर मस म्हणतो.

तुमच्या बोटांवर, कोपरावर, गुडघ्यावर येते ती खरखरीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी चामखीळ. ती एका विषाणूमुळे येते. नखं कुरतडली, खपली काढली की एकीच्या चार होतात. मात्र शरीर त्या विषाणूला ओळखायला शिकलं की ती आपोआप जाते. बहुतेक मुलांची दोन वर्षांत जाते. आता कळलं, मीठ उतरवून, केस बांधून, कुणी फुंकर मारून चामखीळ 'बरी' कशी होते? ती जाणारच होती. श्रेय फुंकरीने घेतलं!

फुंकरीने निदान काही बिघडत नाही. चुना आणि धुण्याचा सोडा, बिब्ब्याचं तेल, रुईचा चीक यांनी मात्र फार बिघडतं. भंडाऱ्याच्या जंगलभागात बिब्बा आणि रुई हाताशीच असतात. बिब्ब्याने कातडी भाजून फोड येतात, काळे डाग वर्षानुवर्षं राहतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळाच धोक्यात. कानापुढच्या बोंडावर यातलं काहीही लावायचं नाही, डोळा तिथून चार बोटांवर आहे.

दुसरा प्रकार मोत्यासारख्या चकचकीत पुटकुळ्यांचा. त्यांच्या मधोमध नाभीसारखा खळगा असतो. याही विषाणूच्याच. एकाच टॉवेलने भावंडांनी अंग पुसलं की घरभर पसरतात. महिन्या-दोन महिन्यांत नाही, पण साधारण वर्षभरात जातात. फोडायच्या नाहीत.

आणि तिसरी खरी लोंबती चामखीळ. मऊ, कातडीच्याच रंगाची, बारीक देठाची. मान, काख, जांघ, जिथे कातडीला कातडी घासते तिथे येते. ही मोठ्या माणसांत फार दिसते, आजोबांच्या मानेवर बघा. ती कुणाची कुणाला लागत नाही. लहान मुलांत मात्र ती क्वचितच असते. म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलाच्या अंगावर अशा बऱ्याच दिसू लागल्या तर डॉक्टरांना दाखवायला हवं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना त्या आल्या, सोबत वजन वाढलेलं असेल आणि मानेवरची कातडी मखमलीसारखी जाड नि काळी दिसत असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. आई मान घासघासून धुते, म्हणते मळ आहे. तो मळ नसतो, कितीही घासा!

नेलकटरने किंवा ब्लेडने यातलं काहीही कापायचं नाही. देठ बारीक दिसला तरी आत रक्तवाहिनी असते.

आता उरला वर्गातला प्रश्न. ज्याच्या कानापुढे बोंड आहे त्याला वर्गात काय काय ऐकावं लागतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. 'तीन कान्या' म्हणणारे असतात, बोट लावून बघणारे असतात, 'लागेल' म्हणून शेजारी न बसणारेही असतात. केस कानावर ओढून घेणारी, फोटोत कायम एकाच बाजूने उभी राहणारी मुलगी कशामुळे तशी वागते, हे आता तुम्हाला कळलं आहे. ते लागत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी जास्तीची माती आहे ती.

त्या मित्राचा किंवा मैत्रिणीचा कान कधी तपासलाच गेला नसेल, तर? दहावीत असला तरी उशीर झालेला नाही. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर निदान वर्गात कुठल्या बाजूला बसायचं ते तरी कळेल, श्रवणयंत्रही मिळू शकेल. लहान मुलांच्या तपासणीसाठी सरकारची एक मोठी योजना आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. तिची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात पालघरला झाली, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती आहे, आणि जन्मतःचा बहिरेपणा तिच्या यादीत आहे. योजनेचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. वजन-उंची, दात, डोळे बघून रांग भराभर पुढे सरकत असते. तेव्हा आपला नंबर आला की कानापुढचे केस बाजूला करायचे आणि स्पष्ट सांगायचं, "डॉक्टर, माझ्या कानाची ऐकण्याची तपासणी झालेली नाही. कुठे होईल, ती चिठ्ठी द्या."